अकरा गाण्यांतलं कुत्रं

आम्ही तिघं त्या कड्यावर निघालो होतो अकरा पक्षी शोधायला. घरी, ऑफिसात आणि माझ्या नणंदेला मी तसंच सांगितलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. फक्त ते अकरा पक्षी मुळात कधी होते की नाही हेच मला ठाऊक नव्हतं, आणि एवढी एक गोष्ट मी कुणालाही सांगितली नव्हती.

पक्षी म्हणजे शिळकरी. मुठीत मावेल एवढा. पाठ शेवाळी, गळा पिवळा. यात दोन भाऊबंद. त्यातला बागशिळकरी तुम्ही पाहिलेलाच असतो, नाव माहीत नसलं तरी. दवाखान्याच्या कुंपणावर, शाळेच्या नळापाशी, बाल्कनीतल्या कुंडीत, त्याला कुठलीही जागा चालते. वर्षातून दोनदा चार-चार अंडी घालतो. संकटातल्या पक्ष्यांच्या यादीत त्याच्या नावापुढे ‘चिंता नाही’ असं लिहिलेलं असतं. कडाशिळकरी दिसायला जवळजवळ तसाच, फक्त शेपटीखाली विटकरी रंगाचा डाग. पण तो राहतो एकाच डोंगरावर, धुक्यात भिजत राहणाऱ्या कड्यांवर. ओल्या शेवाळाच्या पोटात घरटं, वर्षातून एकदा, दोनच अंडी. दोघांचंही गाणं तीन चढत्या सुरांनी सुरू होतं. बागेतला त्यानंतर नुसता किलबिलाट करून मोकळा होतो. कड्यावरचा मात्र थांबतो, आणि मग एकच सूर खाली सोडतो, विहिरीत खडा सोडावा तसा.

हा कडाशिळकरी यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ होता. तेरा महिन्यांपूर्वी मी त्याला धोक्याच्या एक पायरी खाली आणला. कारण त्या वर्षी आमच्या संस्थेने डोंगराच्या वरच्या अंगाला झाडांवर ध्वनिमुद्रक टांगले होते, आणि त्या मुद्रणांत मला अकरा ठिकाणी अकरा नर गाताना सापडले होते. अकरा! संस्थेच्या प्रमुखांनी, आमच्या सरांनी, ऑफिसात पेढे नाही, पण आपल्या खिशातून चहा पाजला होता. मला आठवा महिना होता. पाय सुजलेले, डोकं सतत दुखणारं. आवाज बंद ठेवून मी पडद्यावरची गाण्यांची चित्रं पाहून मोजणी केली. चित्र जुळलं की खूण. रजेवर जायच्या आदल्या दिवशी अहवाल दिला आणि सुटले.

पंधरा दिवसांपूर्वी दुपारी मी त्याच अकरा फिती पुन्हा लावल्या. येत्या शुक्रवारी वनखात्याच्या समितीपुढे त्या वाजवायच्या होत्या. पक्षी एवढे वाढलेत तर डोंगराचं वरचं अंग संरक्षणातून काढावं, तिथे दगडाची खाण होऊ द्यावी, असा प्रस्ताव होता. मांडीवर अकरा महिन्यांची माझी लेक, ठमाबाई, तोंडभर कुस्करलेलं केळं. पहिलं गाणं वाजलं. तीन सूर, थांबणं, खडा.

“भू-भू!” ठमाबाई म्हणाली.

मी हसले. दुसरं गाणं लावलं. “भू-भू!” तिसरं. “भू-भू!” तिने आनंदाने माझ्या गालावर केळं थापलं. मग मी आवाज मोठा केला. चौथ्या गाण्यामागे, फार लांब, एक कुत्रं भुंकलं. एकदाच. पाचव्यामागेही तेच. अकराव्यामागेही, तेवढ्याच अंतराने, त्याच आवाजात.

त्या डोंगरावर कुत्रं नाही. चढायला दोन दिवस लागतात, आणि मधल्या पायऱ्या तर माणसालाही धड चढता येत नाहीत. ते कुत्रं होतं पायथ्याच्या विश्रामगृहाचं. फार वर्षांपूर्वी सरांनी तिथे धुक्यात खाली उतरलेल्या एका नराचं गाणं टिपलं होतं. मोजणीच्या आठवड्यात आमचीच माणसं तेच गाणं स्पीकरवर वाजवत कड्यावर फिरत होती, एखादा नर चिडून उत्तर देतो का हे बघायला. वेळा नोंदवहीत लिहिलेल्या होत्या. मी नोंदवही उघडलीच नव्हती. मी अकरा पक्षी मोजले नव्हते. मी आमचाच स्पीकर अकरा वेळा मोजला होता!

त्याच क्षणी सरांना फोन करायला हवा होता. मी केला पंधरा दिवसांनी, आणि म्हणाले, “समितीच्या आधी एकदा वर जाऊन प्रत्यक्ष मोजून यावं म्हणते.” सर म्हणाले, “पोर लहान आहे ना गं?” मी म्हणाले, “सासूबाई आहेत.” माझा बेत साधा होता. वर खरोखरच अकरा सापडले, तर कुत्र्याबद्दल कुणाला सांगायची गरजच उरत नाही.

सोमवारी उजाडताच आम्ही पायथा सोडला. पुढे शिट्टीकाका. साठीतला वाटाड्या, काटकुळा, बोटांत दोर धरण्यापेक्षा गवताची काडी धरायची सवय. तरुणपणी तो पक्षी धरून पिंजऱ्यात विकायचा. शिट्टी अशी मारायचा की पक्षी आपण होऊन फाशात यायचा. मागे माझी नणंद, गिर्यारोहणाची शिक्षिका, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, आणि मधे मी.

पहिल्या चढावर मी कमरेची गाठ चौथ्यांदा तपासली, तेव्हा ती म्हणाली, “वहिनी, ती गाठ आहे, ठमी नाही. सारखं पाहिलं नाही म्हणून रडणार नाही.”

“तुला मूल झालं की कळेल.”

“म्हणूनच तर दोर घेतलाय हातात, पाळण्याची दोरी नाही.”

शिट्टीकाका पुढून हसला. दिवसभर आम्ही दाट रानातून चढत राहिलो. वरून फक्त हिरवा उजेड ठिबकत होता, झाडांच्या मुळांवर मुळं चढलेली, पायाखाली पाचोळ्याचा इतका जाड थर की आपल्याच पावलांचा आवाज आपल्याला येऊ नये. जळवा पायमोज्यांतून आत शिरल्या. दुपारी एक ओढा लागला, गुडघाभर, थंडगार. तो आम्ही हसत ओलांडला. जाता-येता बागशिळकरी चिक्कार दिसले. एक तर आमच्या बिस्किटाच्या पुड्यावर येऊन बसला.

“हा निर्लज्ज,” शिट्टीकाका म्हणाला. “पिंजऱ्यात टाकला की संध्याकाळी गायला लागतो. सात-सात वर्षं जगतो.”

“आणि कड्यावरचा?” मी विचारलं.

त्याने बोटांतली काडी टाकून दिली. “कड्यावरचा गात नाही. तिसऱ्या दिवशी खाणं सोडतो. आम्हाला वाटायचं दाणा आवडत नाही. मग आम्ही दाणा बदलायचो.” किती धरले असं मी विचारलं नाही. मोजणीबद्दल दुसऱ्याला विचारायचं तोंड मला नव्हतं.

मंगळवारी पायऱ्या लागल्या. कुणी कधी खोदल्या कोण जाणे. निम्म्या झिजलेल्या, उरलेल्यांवर शेवाळ. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला पांढरं धुकं आणि त्याखाली काय आहे ते न पाहिलेलंच बरं. नणंद पुढे झाली, खिळे ठोकत, दोर अडकवत. “उजवा पाय. आता हात. श्वास घे, वहिनी! श्वास फुकट आहे!” माझी छाती दगडासारखी भरलेली. ठमीच्या दुधाची वेळ टळून गेली होती. वर पोचल्यावर मी एका खडकाआड जाऊन दूध पिळून टाकलं. पांढरे थेंब शेवाळावर पडले आणि मुरले. घरी ती आत्ता काय करत असेल हे मला मिनिटाच्या हिशेबाने माहीत होतं, आणि मी इथे हे जमिनीला पाजत होते.

पायऱ्यांच्या वर कड्याच्या पोटातून एक आडवी पट्टी जाते. दोन पावलं रुंद, कुठे कुठे एकच. मागच्या वर्षीच्या अकरा जागांपैकी आठ या पट्टीवरच्या. आम्ही पहिल्या जागी थांबलो. ऐकलं. पाणी ठिबकत होतं. दुसरी जागा. पाणी. तिसरी, चौथी, पाचवी. नुसतं पाणी.

“काका, इथे तुम्ही शेवटचा कधी ऐकलात?”

“इथे? चार-पाच वर्षं झाली.”

“मग मागच्या वर्षी सांगितलं का नाहीत?”

“मला कुठे कुणी विचारलं? तुमच्या माणसांनी यंत्राला विचारलं.” तो हे रागाने म्हणाला नाही, त्यामुळे जास्त लागलं. “पुढच्या वळणापाशी एक जोडी आहे. एकच. पिल्लं आहेत. लांबून बघू.”

वळणापलीकडे खडक आत वळला होता आणि त्या पोकळीत शेवाळाचा एक गोळा चिकटलेला. गोळ्याला भोक. भोकातून दोन पिवळ्या चोची उघडल्या आणि इतका बारीक, हट्टी चिवचिवाट सुरू झाला की माझा सदरा समोरून एकदम भिजला. शरीराला कुठलं पिल्लू कुणाचं ते कळत नाही. मादी आत शिरून पिल्लांवर बसली. नर समोरच्या फांदीवर आला. शेपटीखाली विटकरी डाग! मी ज्याच्याबद्दल अहवाल लिहिला होता, त्याला पहिल्यांदा पाहत होते.

पण तो गात नव्हता. चोचीत अळ्या धरून कसा गाणार?

मी पिशवीतून स्पीकर काढला.

“नको,” शिट्टीकाका म्हणाला. “हवा गार आहे. आत्ता त्याला भांडायला लावू नका.”

“एकदाच. फक्त पुरावा.”

मी गाणं लावलं. तीन सूर, थांबणं, खडा, आणि लांबवर ते कुत्रं. नर फांदीवर ताठ झाला. अळ्या खाली पडल्या. आणि तो गायला! ध्वनिमुद्रकावर लाल दिवा लागला. मी वहीत लिहिलं: एक.

मग मी पट्टीवरून दहा पावलं पुढे गेले आणि पुन्हा गाणं लावलं. नर चिडून तिथे आला, गायला. मी लिहिलं: दोन. आणखी वीस पावलं. तो आला, गायला. तीन. माझा हात थांबला नाही. हे मी चुकून करत नव्हते. मागच्या वर्षी आवाज बंद होता; या वेळी मी स्पष्ट ऐकत होते, तोच पक्षी, तोच आवाज, आणि मी त्याचे तीन केले होते.

“बाई, बंद करा!” शिट्टीकाका ओरडला. “मादी उठली!”

मी वळून पाहिलं. नराच्या मदतीला मादीही बाहेर आली होती. घरटं उघडं. आणि वरच्या झुडपातून, सगळं शांतपणे बघत बसलेला एक टकाचोर, लांब शेपटीचा तो लुटारू, सरळ खाली उतरला. चोच आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्यात काहीतरी गुलाबी हलत होतं.

मी धावले. पट्टीवरून धावतात का कुणी? दोर खिळ्याला होता, मी दोराला होते, पण तेवढं सुचायला वेळ कुणाला होता! “हाड! हाड!” मी किंचाळत होते. टकाचोर उडाला. चोचीतलं घेऊन उडाला. माझा पाय शेवाळावर पडला आणि खडक माझ्याखालून निघून गेला.

हिसका! कमरेत आग! मी धुक्यात लटकत होते.

“हात वर!” नणंदेचा आवाज. “वहिनी! माझ्याकडे बघ! खाली नाही, माझ्याकडे!”

मी पाहिलं. ती पट्टीवर उताणी पडून, पाय खडकात रोवून दोर ओढत होती. मागून शिट्टीकाका तिच्या पट्ट्याला धरून. एक वीत. आणखी एक वीत. माझी बोटं कडेला लागली, निसटली, पुन्हा लागली. शेवटी तिने माझी कॉलर पकडून मला वर ओढून घेतलं, आणि आम्ही तिघंही खडकाला पाठ लावून श्वास घेत बसलो. समोर मादी घरट्यात परत शिरली होती. चिवचिवाट पुन्हा ऐकू येत होता, पण आता तो एकाचाच होता.

“काय होतं ते?” नणंदेने विचारलं. “एक पिल्लू वाचवायला जीव देणार होतीस? ठमी आहे घरी!”

तेव्हा मी सांगितलं. कुत्रं, स्पीकर, न उघडलेली नोंदवही, पंधरा दिवस. वहीतले एक, दोन, तीनसुद्धा.

“दादाला माहीत आहे?”

“नाही.”

“आणि मला कशाला आणलंस? दोर धरायला?”

“हो.”

तिने पुढे वाकून माझ्या कमरेची गाठ स्वतः घट्ट केली. जरा जास्तच घट्ट. “धरला,” ती म्हणाली. “आता पुढे काय?”

उत्तर शिट्टीकाकाने दिलं. तो धुक्याकडे नाक करून उभा होता. “वर पाऊस लागलाय. ओढा भरणार. आज उतरायला लागलो तर उद्या दुपारपर्यंत ओढा कसाबसा ओलांडता येईल. नाहीतर रविवारपर्यंत इथेच. इथे गुहा आहे, खायला आहे. पुढच्या कपारींत अजून एखादी जोडी असेलही.”

मला ते सगळं एका क्षणात दिसलं. आम्ही इथे अडकतो. शुक्रवार निघून जातो. समिती सही करते. मी सोमवारी खाली येते आणि सगळे म्हणतात, बिचारी, कशी वाचली! कुणीही मला दोष देत नाही. कदाचित एखादी जोडीही सापडते. याहून सोयीचा पाऊस आयुष्यात कधी पडणार नव्हता.

घरट्यातून ती एकच चोच वर आली आणि मिटली.

“पुढच्या कपारींत कुणी असेल तर त्याला त्रास नको,” मी म्हणाले. “उतरू या.”

पायऱ्या उतरताना पावसाने गाठलं. चढताना ज्या ओल्या होत्या त्या आता वाहत होत्या. तंबू टाकून दिला, भांडी टाकून दिली. अंधार पडायच्या आत एका कपारीत शिरलो, आणि बुधवारी भल्या सकाळी पुन्हा उतरायला लागलो. दुपारी ओढ्यापाशी आलो. आम्ही ओढा शोधत होतो. समोर लाल पाण्याची नदी होती. झाडाच्या फांद्या बाणासारख्या जात होत्या. शिट्टीकाका कमरेला दोर बांधून उतरला, एकदा दिसेनासा झाला, पलीकडे निघाला, दोर झाडाला बांधला. मग मी. पाणी छातीपर्यंत. पाठीवरची पिशवी फुगली आणि मला आडवं करायला लागली.

“पिशवी सोड!” मागून नणंद ओरडली.

पिशवीत ध्वनिमुद्रक होता. त्यात त्या नराचं खरं गाणं होतं. त्याचं जगात तेवढं एकच.

“वहिनी! सोड!”

मी पट्टा काढला. पिशवी एकदा गोल फिरली आणि गेली. दोन्ही हातांनी दोर धरला. एक पाऊल! अजून एक! काकाचा काटकुळा हात समोर आला आणि मी तो पकडला. नणंद माझ्यामागून बाहेर आली, खोकत, शिव्या देत, जिवंत. सदऱ्याच्या आतल्या खिशात हात घातला तर फक्त वही उरली होती. भिजलेली. एक, दोन, तीन वाचता येत होतं.

गुरुवारी संध्याकाळी घरी पोचले. ठमाबाई सासूबाईंच्या खांद्यावर होती. मी हात पुढे केले. तिने माझ्याकडे पाहिलं, खरचटलेल्या तोंडाकडे, आणि मान आजीच्या मानेत खुपसली. “अहो, आई आहे ती!” सासूबाई म्हणाल्या. ते पटायला तिला बराच वेळ लागला. ती प्यायला लागल्यावर मी तिच्या बाबाला सगळं सांगितलं, सरांना फोन केला, आणि यादीतली चूक कळवणारं पत्र लिहायला बसले. सर फोनवर एवढंच म्हणाले, “ते गाणं मीच टिपलं होतं गं. कुत्रं मलाही कधी ऐकू आलं नाही.”

समितीची खोली लांबट होती. हिरव्या कापडाचं टेबल, पाण्याचे झाकलेले ग्लास, नऊ माणसं, मधे अध्यक्ष, त्यांच्यापुढे फाइल आणि उघडं पेन. माझं कंत्राट त्याच महिन्यात संपत होतं, हे त्यांतल्या निम्म्यांना माहीत होतं.

“बोलायच्या आधी अकराही फिती ऐकवते,” मी म्हणाले. “कृपया पूर्ण ऐका. गाणं संपल्यावरसुद्धा.”

पहिलं गाणं वाजलं. “वा!” कुणीतरी म्हणालं. मग कुत्रं. दुसऱ्यामागून कुत्रं आलं तेव्हा एक जण हसला. तिसऱ्याला दोघं हसले. पाचव्याला कुणी हसलं नाही. सातव्याला अध्यक्षांनी मान वर केली. नवव्याला ते गाण्याकडे नव्हे, गाण्यानंतरच्या शांततेकडे कान लावून बसले होते, आणि भुंकणं आलं तसं त्यांनी पेनाला टोपण लावलं. अकरावं गाणं संपलं. कुत्रं भुंकलं.

“बाई,” अध्यक्ष हळूच म्हणाले, “हे कुत्रं कुणाचं?”

“माझं,” मी म्हणाले. आणि वही उघडून त्यांच्यापुढे सरकवली. त्यात दोन आणि तीन खोडलेले होते. एकच्या पुढे मी रात्रीच लिहून ठेवलं होतं: एक जोडी, पिल्लं दोन. खाली: आता एक.